कुलूप वकिलाच्या तोंडाला, किल्ली अशिलाकडे

फौजदारी वकिली करणाऱ्याला लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात, सोसायटीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : गुन्हा केलाय हे ठाऊक असूनही तुम्ही त्याचं वकीलपत्र कसं घेता? या प्रश्नाची उत्तरं इतकी झिजली आहेत की विचारणाराही ती ऐकायला थांबत नाही. त्याच्यामागे दडलेला दुसरा प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं, आणि तो जास्त अवघड आहे. आरोपीने खरं काय ते साऱ्या जगात एकाच माणसाला सांगितलं असेल, आणि तो माणूस काळा कोट घालून कोर्टात समोरच बसलेला असेल, तर न्यायाधीशांनी त्यालाच पिंजऱ्यात उभं करून शपथेवर का विचारू नये? फितूर होणारे पंच, वर्षानुवर्षं न येणारे प्रयोगशाळेचे अहवाल, तारखांमागून तारखा, हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी? प्रश्न विचारणारा सहसा सुशिक्षित असतो आणि त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. या व्यवसायात रोज ज्या भरवशावर कामं चालतात, तो भरवसा कशावर उभा आहे हे सांगायची ती संधी असते.

पहिला गैरसमज दूर करायचा तो असा, की ही वकिलांना मिळालेली सवलत आहे. टोलनाक्यावर काही गाड्या जशा सोडल्या जातात, तसे वकील साक्षीतून सुटतात, असं लोकांना वाटतं. कायद्याचे शब्द मात्र उलटे आहेत. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये, वकिलाला ‘बोलावंच लागणार नाही’ असं म्हटलेलं नाही. अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून त्याला बोलू दिलं जाणार नाही, असं म्हटलं आहे. म्हणजे वकिलाला उद्या पश्चात्ताप झाला, अशिलाने फी बुडवली, वकीलपत्र काढून दुसऱ्याकडे दिलं, तरी त्याने ऐकलेलं त्याच्या मालकीचं होत नाही. काम संपल्यावरही बंधन संपत नाही, हे कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलं आहे. बार कौन्सिलच्या नियमांत हे बंधन मोडणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. जुन्या कायद्यात बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर, वकील अशी वसाहतकाळाची सगळी वरात होती. नव्याने ती आवरून एकच शब्द ठेवला. बाकी आशय जवळपास तोच राहिला.

इंग्लंडात याची सुरुवात झाली तेव्हा चित्र वेगळं होतं. १५७७ मधल्या एका खटल्यात थॉमस हॉट्री नावाच्या सॉलिसिटरला साक्षीतून सूट मिळाली. पुढची दीड-दोन शतकं या सुटीमागे सभ्य गृहस्थाच्या अब्रूची कल्पना होती : विश्वासाने सांगितलेलं चारचौघांत उघड करणं त्याला शोभत नाही. म्हणजे कुलूपही वकिलाचं आणि किल्लीही त्याचीच. अठराव्या शतकात ही कल्पना ढासळली. कुणाच्या अब्रूसाठी न्यायालयाने सत्य का गमवावं, हा प्रश्न रास्तच होता. त्यानंतर हा नियम टिकला तो मालक बदलून. किल्ली अशिलाच्या हातात गेली. स्टीफनने हिंदुस्थानासाठी पुरावा कायदा लिहिला तेव्हा हा बदल पचलेला होता. आजही बार रूममध्ये ‘आमचा विशेषाधिकार’ असं छाती काढून म्हटलं जातं, तेव्हा आपण नकळत चार शतकं मागे गेलेलो असतो.

अशिलाला ही किल्ली कशाला लागते, हे पुस्तकापेक्षा कोर्टाच्या व्हरांड्यात जास्त कळतं. रिमांडसाठी आणलेल्या माणसाची आणि त्याच्या वकिलाची पहिली भेट बहुधा भिंतीला टेकून, दहा-पंधरा मिनिटांत, दोन पावलांवर उभ्या असलेल्या शिपायाच्या साक्षीने होते. त्या भेटीत तो सांगतो ते बहुतेक वेळा अर्धं असतं किंवा साफ खोटं असतं. यात लबाडीपेक्षा भीती जास्त. काळा कोट, खाकी वर्दी आणि उंच खुर्ची यांतला फरक त्याला अजून कळलेला नसतो. त्याच्या लेखी सगळेच ‘साहेब’. ‘मी तिथं नव्हतोच’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. आता वकिलाने ते खरं मानून बचाव उभा केला, आणि आरोपपत्राबरोबर मोबाइलच्या टॉवरची नोंद आली, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो दिसला, की सगळी इमारत कोसळते. नुसती कोसळत नाही, तर तो माणूस तिथे होता पण अचानक पेटलेल्या भांडणात होता, किंवा आधी वार समोरच्याने केला होता, हा खरा आणि कायद्याने टिकणारा बचावही तिच्याखाली गाडला जातो. खून आणि सदोष मनुष्यवध यांच्यातली रेघ अशा तपशिलांवर ठरते. कोणता तपशील आपल्या फायद्याचा आणि कोणता तोट्याचा हे आरोपीला कळत नसतं. ते कळत असतं तर त्याला वकिलाची गरजच पडली नसती. म्हणून वकिलाला सगळंच ऐकावं लागतं. आणि सगळं सांगायला लावणारं वाक्य त्याच्यापाशी एकच असतं : तुम्ही मला सांगाल ते माझ्याकडून कुणीही काढून घेऊ शकत नाही.

यावरचा सगळ्यात धारदार आक्षेप दोनशे वर्षं जुना आहे. जेरेमी बेंथमने १८२७ च्या आपल्या पुराव्यावरील ग्रंथात या नियमाची सालं काढली. त्याचं म्हणणं असं, की निर्दोष माणसाला वकिलापासून लपवण्यासारखं काही नसतं. मग वकिलाने साक्ष दिली तर भीती फक्त गुन्हेगाराला, आणि गुन्हेगाराला ती वाटावी हे चांगलंच. वाचताना हे बिनतोड वाटतं. पण बेंथमने गृहीत धरलेला निर्दोष माणूस कोर्टात फारसा भेटत नाही. भेटतो तो निर्दोष, पण घाबरलेला माणूस. घटनेच्या वेळी तो जिथे होता ती जागा त्याला बायकोपासून लपवायची असते. मेलेल्या माणसाकडून त्याने व्याजाने पैसे घेतलेले असतात. आदल्या दिवशी त्याने ‘तुला बघून घेईन’ असं चार लोकांत म्हटलेलं असतं. चोरी त्याने केलेली नसते, पण चोरीचा मोबाइल स्वस्तात घेतलेला असतो. गुन्हा न करताही संशय येईल असं बरंच काही माणसाच्या आयुष्यात असतं, आणि ते आपल्या वकिलालाही सांगायचं नाही असं त्याने ठरवलं, तर सरकार पक्ष ते भर उलटतपासणीत काढतो आणि वकील तोंडात बोट घालून बघत राहतो.

बेंथमच्या युक्तिवादात याहून मोठी फट आहे. वकिलाला पिंजऱ्यात उभं केलं तर एक मौल्यवान पुरावा मिळेल, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. पण ते बोलणं झालंच मुळी बंद दाराच्या हमीवर. हमी काढून घेतली की पुढच्या खटल्यातला आरोपी बोलणारच नाही. वकिलाच्या पोटात काही नसेल, म्हणून न्यायालयाच्या हातीही काही लागणार नाही. एका खटल्यात कदाचित कबुली मिळेल. त्यानंतरच्या हजार खटल्यांत फक्त मुके अशील आणि आंधळे वकील उरतील. आपल्या कायद्याला हे तत्त्व दुसऱ्या जागी केव्हाच पटलेलं आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपण पुरावा म्हणून घेत नाही, कारण भीतीतून निघालेल्या शब्दाचं मोल आपल्याला माहीत आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, हे संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा अटक झालेल्याचा हक्क अनुच्छेद २२ मध्ये आहे. वकिलाला साक्षीदार केलं, की पहिल्या हक्काने बंद केलेलं दार दुसऱ्या हक्काच्या खिडकीतून उघडलं जातं. पोलिसांना पुढच्या दाराने जे मिळवता येत नाही ते मागच्या दाराने, आणि तेही आरोपीनेच विश्वासाने आणून ठेवलेलं.

कुंपणानेच शेत खाल्लं तर काय होतं, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये घडलं. निकोला गोबो या तिथल्या फौजदारी वकील. टोळीयुद्धातल्या आरोपींचे बचाव त्या चालवत होत्या, आणि त्याच वेळी व्हिक्टोरिया पोलिसांच्या खबरीही होत्या, स्वतःच्याच अशिलांविरुद्ध. पोलिसांना त्या काळात हे मोठं यश वाटलं असेल. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत पोलिसांची निर्भर्त्सना केली आणि हे सगळं आरोपींना कळवण्याचा मार्ग मोकळा केला. त्यानंतर नेमलेल्या रॉयल कमिशनने २०२० मध्ये अहवाल दिला. तब्बल १,०११ जणांच्या शिक्षा या प्रकारामुळे बाधित झाल्या असण्याची शक्यता त्यात नोंदवली आहे. फारुक ऑर्मन नावाच्या माणसाची खुनाची शिक्षा बारा वर्षं तुरुंगात काढल्यावर २०१९ मध्ये रद्द झाली. ज्यांना वाटतं की वकिलाचं मौन गुन्हेगारांना सोडवतं, त्यांनी हा आकडा पाहावा. इथे वकील बोलली, आणि तिच्या बोलण्यानेच शिक्षा डळमळल्या. मौनामुळे सुटलेल्यांची मोजदाद कुणाला करता येणार नाही. मौन मोडल्याने धोक्यात आलेल्या शिक्षांची मोजदाद मात्र एका आयोगाने करून ठेवली आहे.

दुसरा आक्षेप आजचा आहे. वकील नुसते ऐकत नाहीत, ते कागद करून देतात, कंपन्या उभारून देतात, पैशाला वाटा काढून देतात. अशांनी याच कलमाआड लपायचं का? नाही लपायचं, आणि कलम त्यांना लपूही देत नाही. त्यातली उदाहरणं शाळेच्या पुस्तकाइतकी सोपी आहेत. ‘मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा’ असं अशील म्हणाला, तर ते बोलणं सुरक्षित. दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हा नव्हे. ‘या खोट्या दस्ताच्या आधारे जमिनीचा दावा लावा’ असं म्हणाला, तर संरक्षण शून्य. तिसरं उदाहरण मला सगळ्यात शहाणं वाटतं. अपहाराच्या आरोपीची वही वकिलाने काम घेतलं तेव्हा पाहिली होती. नंतर पाहतो तर त्यात अपहाराच्या रकमेची एक नवी नोंद. काम घेतल्यानंतर घडलेली ही लबाडी वकिलाच्या डोळ्यांनी दिसली, म्हणून ती झाकली जात नाही. झालेल्या गोष्टीची कबुली आत, होऊ घातलेल्या लबाडीची मदत बाहेर. हा भेद डब्लिनच्या १७४३ च्या एका खटल्यातही दिसतो. अँगलसीच्या अर्लने आपल्या पुतण्याला फासावर चढवण्यासाठी दहा हजार पौंड खर्चायची तयारी बोलून दाखवली होती. ते त्याच्याच अॅटर्नीच्या तोंडून कोर्टात ऐकलं गेलं. पाप करून आलेल्याचं ऐकायला वकील असतो. पापाचा भागीदार शोधत आलेल्यासाठी तो नसतो.

भेद सोपा असला तरी तो कुणी ठरवायचा यावर सगळं अडतं, आणि २०२५ मध्ये हेच झालं. एका खासगी विमा कंपनीतल्या शेअर-वाटपाबाबत दिलेल्या कायदेशीर मतावरून ईडीने ज्येष्ठ वकील अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल यांना जूनमध्ये समन्स काढली. बारमधून ओरड झाल्यावर ती मागे घेण्यात आली, आणि संचालकांच्या मंजुरीशिवाय अशी समन्स काढू नयेत असं परिपत्रक निघालं. त्याच सुमारास गुजरातमध्ये एका वकिलाला पोलिसांनी साक्षीदाराची नोटीस बजावली. त्याने केलं होतं एवढंच, की आरोपीला जामीन मिळवून दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने विषय स्वतःहून हाती घेतला. मूळचे अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याने वकिलाला बोलवायचं नाही. अपवाद लागू होतो असं वाटत असेल, तर कोणत्या तथ्यांवरून, हे समन्समध्येच लिहायचं. पोलिस अधीक्षकाच्या दर्जाखाली नसलेल्या वरिष्ठाची लेखी संमती घ्यायची. आणि त्यावर उच्च न्यायालयात दाद मागता येईल. वकिलाचा लॅपटॉप वा फोन पोलिस ठाण्यात नव्हे तर न्यायालयात सादर होईल आणि तो उघडताना इतर अशिलांची गुपितं जपली जातील. पगारी नोकरीतल्या विधी अधिकाऱ्यांना मात्र कलम १३२ चं छत्र नाही, असंही पीठाने सांगितलं.

निकाल चांगला आहे, पण मला तो एका ठिकाणी तोकडा वाटतो. अपवाद लागू होतो का, याचा पहिला निवाडा अजूनही तपास यंत्रणेच्याच वरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे आहे. मोठ्या शहरातल्या ज्येष्ठ वकिलाला समन्स आलं तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतं. तालुक्याच्या गावी वकिली करणाऱ्या पोराला पोलिस ठाण्यातून नुसता फोन येतो, ‘साहेबांनी बोलावलंय, दोन मिनिटं येऊन जा’. त्याच ठाण्याशी त्याला उद्या जामिनासाठी आणि परवा मुद्देमाल सोडवण्यासाठी गाठ घालायची असते. लेखी संमतीचा नियम कागदावर न येणाऱ्या बोलावण्याला अडवत नाही. आधी दंडाधिकाऱ्याची परवानगी असती, तर निदान नोंद तरी राहिली असती.

आता तो आक्षेप, ज्याच्यापुढे मी निरुत्तर होण्याच्या काठावर येतो. १९८२ मध्ये शिकागोत मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानातल्या पहारेकऱ्याचा खून झाला. त्या गुन्ह्यात ऑल्टन लोगन पकडला गेला. दुसऱ्या प्रकरणातला आरोपी अँड्र्यू विल्सन याने आपल्या दोन वकिलांना सांगितलं, की ते काम माझं. डेल कॉव्हेंट्री आणि जेमी कुन्झ या वकिलांनी प्रतिज्ञापत्र लिहून ते मोहोरबंद करून पेटीत ठेवलं आणि गप्प राहिले. आपण मेल्यावर सांगायला विल्सनची हरकत नव्हती. तो २००७ मध्ये मेला. लोगन सुटला २००८ मध्ये, सव्वीस वर्षांनी. इंग्लंडात याच प्रश्नाचं उत्तर १९९५ मध्ये डर्बीच्या खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिलं : सोळा वर्षांच्या मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या सावत्र बापाला, त्याच आरोपातून पूर्वी सुटलेल्या त्याच्या सावत्र मुलाने आपल्या वकिलांना काय सांगितलं हे बचावासाठी मागता येणार नाही. एकदा अपवाद केला की कुठलाही वकील अशिलाला निर्धास्तपणे ‘बोला’ म्हणू शकणार नाही, असा त्यांचा आधार. मघाशी मी बेंथमविरुद्ध हाच आधार घेतला. मग इथे त्याच्यापासून पळ काढता येत नाही.

तरीही दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. सरकार पक्ष वकिलाचा शब्द मागतो तेव्हा तो बोलणाऱ्यालाच बुडवण्यासाठी मागतो; हमी मोडते ती तिथे. लोगनसारखा माणूस मागतो तो स्वतः वाचण्यासाठी. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मॅक्लुअर खटल्यात अशा माणसासाठी अगदी अरुंद वाट ठेवली : दुसरा कुठलाच मार्ग उरला नसेल, आणि त्या माहितीने त्याच्या दोषाबद्दल वाजवी संशय निर्माण होणार असेल, तरच. आपल्या कलमात अशी वाट नाही. ती असावी असं मला वाटतं, पण एका अटीवर : असं उघड झालेलं बोलणं, आणि त्यातून हाती लागलेला पुरावाही, बोलणाऱ्याविरुद्ध कधीच वापरता येऊ नये. म्हणजे निर्दोष सुटेल आणि कबुली देणाऱ्याची हमीही शाबूत राहील. खरा खुनी त्याच शब्दांवर अडकत नाही, हे लोकांना पचणार नाही हे मला कळतं. पण आज दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी आत बसतो, ते कसं पचतं?

हे झालं मोठ्या निकालांचं. रोजच्या कामात ही हमी कोर्टाच्या समन्सपेक्षा साध्या गोष्टींनी जास्त तुटते. वकिलाचा कारकून आणि दुभाषी यांच्यावर कायद्याने तेच बंधन घातलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारला भिली बोलणारा आरोपी असेल आणि वकिलाला ती भाषा येत नसेल, तर दुभाषी वकिलाने आणलेला हवा. जवळ उभ्या शिपायाकडून भाषांतर करून घेतलं, की कबुली पुरावा ठरली नाही तरी तपासाला दिशा मिळते. आणि ऑफिसात येणारा अशील कधी एकटा येत नाही. बरोबर मामा असतो, भावकीतला कुणी असतो, गावचा माजी सरपंच असतो, बहुतेकदा फीचे पैसे त्याच्याच खिशात असतात आणि बोलणंही तोच करतो. कलम १३२ मध्ये मामाचा उल्लेख नाही. त्याने ऐकलेलं उद्या त्याला पिंजऱ्यात विचारता येतं. म्हणून चहा येण्याआधी, वही उघडण्याआधी, एक वाक्य बोलावं लागतं. त्याने पाहुणे दुखावतात आणि क्वचित फीही जाते. ‘मामा, तुम्ही जरा बाहेर बसा.’